डिझेल संपलं तेव्हा

मंत्री आले तेव्हा चार वाजले होते.
सात काळ्या गाड्या,
आणि मागून ट्रॉलीवर माझा जनरेटर,
कारण बेथ झैतात वीज दिवसाला दोन तास येते
आणि ते दोन तास कुठले, हे तिचं तिलाच ठाऊक.

मी तोमा. यंत्रं दुरुस्त करतो.
नावाला जागतो :
हात घालून पाहिल्याशिवाय
माझा कशावर विश्वास बसत नाही.

चर्चच्या अंगणात मांडव. जळका खांब
नव्या झेंड्याखाली झाकलेला.
मंत्री म्हणाले, शांतता आली आहे.
टाळ्या.
म्हणाले, शांतता आम्ही आणली आहे.
जरा कमी टाळ्या.
यांच्या आधीचेही हेच म्हणाले होते,
आणि त्यांच्या आधीचे म्हणाले त्या वर्षी
आम्ही ताटातलं अन्न ताटात टाकून
एरबिलच्या रस्त्याला लागलो;
बायकोने शिवणयंत्र उचललं, मी नुसतेच पाने.
तीन वर्षं तंबूत.
परतलो तर घंटा होती, तिचा लोलक नव्हता.
अजून नाही. हातोडीने वाजवतो.

तिसऱ्यांदा ते 'शां' म्हणाले
आणि डिझेल संपलं.

मग खरोखरच शांतता झाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच.
गाड्यांचे दिवे लागले, वळले,
माळ उतरून निनवेकडे गेले.
भाडं अजून यायचंय.

डीकन ओराहांना मोतीबिंदू,
अंधाराने त्यांचं काही अडत नाही.
त्यांनी पाठ असलेलं सुरू केलं :
कुठल्याशा कैसराने
शिरगणतीचा हुकूम काढला होता
म्हणून एक अवघडलेली बाई वाटेला लागली.
आम्ही माना हलवल्या.
रांग, शिक्का, तंबू क्रमांक चारशे सतरा :
हुकूम आम्हाला शिकवावा लागत नाही.
पण इतकी वर्षं ऐकूनही
मला कधी दिसलं नव्हतं
की कैसर त्या गोष्टीत एका ओळीपुरता येतो.
पुढे त्याला कुणी विचारत नाही.
पुढे गव्हाण, बाळंतपण, ओले कपडे,
मेंढरांच्या वासाची माणसं.
बाळ काही आणलंय म्हणून सांगत नाही.
ते येतं, आणि रडतं.

सर्वांत लहान म्हणून शमीरामने मेणबत्ती धरली,
वाळल्या काट्यांच्या ढिगाला लावली.
आमची रीत : काटे पुरते जळले
तर वर्ष बरं जातं.
दरवर्षी पुरते जळतात. वर्षं जातात तशी जातात.
तरी आम्ही काटे गोळा करतो.

जाळापलीकडे यल्दा उभा होता.
नाताळात जन्मला म्हणून यल्दा, माझा धाकटा भाऊ.
मी तंबूत होतो तेव्हा त्याने
बाबांची जैतुनं विकली, न विचारता.
सहा वर्षं मी त्याच्या दारावरून
समोर बघत जातो.
पारदर्शक धुरात त्याचा चेहरा हलत होता;
किती म्हातारा झालाय, मला वाटलं,
म्हणजे मीही.

निखारे झाले. तीनदा ओलांडायचे असतात.
माझा गुडघा गेलेला.
पहिल्यांदा कसाबसा पोचलो,
दुसऱ्यांदा अडलो, मध्येच,
आणि पलीकडून एक हात आला.
श्लामा, तो म्हणाला.

आमच्या सुरेथमध्ये शांतीला श्लामा म्हणतात,
आणि रामरामालाही हेच,
उंबऱ्यावर, बाजारात, रोज, न कळत.
बंद खोलीत घाबरून बसलेल्या मित्रांना
मेलेला परत येऊन पहिल्यांदा
हाच शब्द म्हणाला होता, आमच्याच बोलीत,
आणि मग एका तोमाला
हात घालून बघ म्हणाला.

मी हात धरला. तिसऱ्यांदा
आम्ही दोघे बरोबर ओलांडलो, वाकडेतिकडे.
जैतुनांचं बोलणं झालं नाही.
होईल. किंवा राहील.

बायकोने चिमूटभर राख रुमालात बांधली.
अंगणात जनरेटर गार पडला होता, मुकाट.
पहाटे हातोडी घेऊन घंटेपाशी गेलो
तर यल्दा आधीच शिडी धरून उभा,
थंडीने नाक लाल,
खिशात दोघांपुरत्या खजुराच्या वड्या.